छोट्या गावातल्या वाचनालयाने ऋतूप्रमाणे कोणते कार्यक्रम ठेवावेत आणि लोकांना ते कळवायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला नुकतंच वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर घेतलंय, वाचनालय सरकारी वर्गवारीत क वर्गाचं आहे, सभासद अडीचशेच्या आसपास, आणि येत्या वर्षाचं कार्यक्रमपत्रक करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी २४ वर्षं ग्रंथपाल होते, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आणि हा प्रश्न वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

तारखांची यादी देत बसत नाही. १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, ३ ऑक्टोबरचा अभिजात भाषा दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरातला ग्रंथालय सप्ताह, जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, हे सगळं तुम्हाला माहीत आहेच, ते करावं लागतं, फोटो काढून फाईलला लावावे लागतात. करा. पण ती सरकारी तपासणीची तयारी झाली. माझ्या हिशोबी कार्यक्रम तोच, ज्याच्या दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या रजिस्टरात चार ओळी जास्त पडतात. ह्या एका वाक्यावरून माझं आणि आमच्या तेव्हाच्या कार्यवाहांचं कितीतरी वर्षं वाजत होतं.

२०१४ च्या दिवाळीची गोष्ट. आमच्याकडे दिवाळी अंकांची योजना असायची, सगळीकडे असते तशीच, १५० रुपये भरायचे आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत अंक बदलून बदलून न्यायचे. त्या वर्षी ५२ अंक आले होते. एसटीच्या पार्सलने गठ्ठे आले, मी आणि शिपाई दोघांनी बसून शिक्के मारले, नंबर टाकले, कव्हरं घातली, धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी सगळं तयार. आणि कार्यवाहांनी ठरवलं की ह्या वर्षी अंकांचं भव्य प्रदर्शन करायचं. सराफाच्या दुकानातून काचेची दोन शोकेस आणली, अंक आत लावले, वर कुलूप आणि समोर पाटी, ‘कृपया अंकांना हात लावू नये’. उद्घाटनाला पाहुणे, नारळ, शाल, सव्वा तास भाषणं. प्रदर्शन आठ दिवस, तोवर एकही अंक बाहेर द्यायचा नाही असं मला बजावून सांगितलं.

आता कोकणात दिवाळीचे दिवस म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. गणपतीइतके नाही, पण चाकरमानी येतात, पोरांना सुट्टी असते, फराळ करून लोक दुपारचे ओटीवर आडवे झालेले असतात, आणि हे सगळं भाऊबीजेपर्यंत. भाऊबीज झाली की मुंबईच्या गाड्या भरून जातात आणि गाव रिकामं. म्हणजे वर्षातून ज्या पाच-सहा दिवसांत वाचणारी माणसं आणि रिकामा वेळ दोन्ही गावात एकत्र असतात, त्याच दिवसांत आमचे अंक काचेच्या आत.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आमचे एक जुने सभासद आले, एसटीतले रिटायर ड्रायव्हर, चौदा किलोमीटरवरच्या वाडीत राहायचे. दिवसाला दोन गाड्या तिकडे. दर शनिवारी यायचे, दोन पुस्तकं न्यायचे, पुस्तक कधी उशिरा नाही की पान दुमडलेलं नाही. योजनेचे पैसे त्यांनी गणपतीतच भरले होते. बरोबर नातू होता, डोंबिवलीचा, आठ-नऊ वर्षांचा. त्याला मुलांचा अंक पाहिजे होता. काका मला म्हणाले, “बाई, हे सगळे सोमवारी परत जातायत. पोराला एक द्या, मी स्वतः रविवारी आणून देतो.” आणि मी म्हटलं, “काका, प्रदर्शन आहे हो मंगळवारपर्यंत, नंतर या.” मीच म्हटलं. कार्यवाह तिथे नव्हतेसुद्धा, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. काका काही बोलले नाहीत, त्यांनी पाटी परत एकदा वाचली, मग दोघं बाकावर बसून राहिले कारण परतीची गाडी चारनंतर होती. पोरगा मधे मधे उठून काचेपाशी जायचा आणि वरची चित्रं बघून यायचा. दीड तास. मी त्या दीड तासात समोर बसून आवक-जावक लिहीत होते.

प्रदर्शन संपलं, बुधवारपासून देवघेव सुरू केली. पहिल्या आठवड्यात किती अंक गेले सांगू? नऊ. ५२ पैकी नऊ. काका नंतर महिन्याभराने आले, दोन अंक नेले, परत आणून दिले. पुढच्या वर्षी योजनेचे पैसे भरायला आले नाहीत. मी निरोप पाठवला तर म्हणाले आता डोळ्यांना होत नाही. खरं असेलही, पण मला ते लागलं ते लागलंच.

त्यानंतरच्या मंडळाच्या सभेत मी रजिस्टर घेऊन गेले. ग्रंथपालाने सभेत बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, विचारतील तेवढं सांगायचं. मी म्हटलं, १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो लोकांनी दिवाळीच्या सुट्टीत वाचावा म्हणून, आणि आपण तो सुट्टी संपल्यावर देतो. कार्यवाहांचं म्हणणं, प्रदर्शनाने संस्थेचं नाव होतं, पेपरात फोटो येतो, फोटो बघून देणगीदार येतात, आणि अंक फाटले-हरवले तर तपासणीला उत्तर कोण देणार. मी म्हटलं, १२ ऑगस्टला आपण ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो, त्यांचा १९३१ च्या पाच सूत्रांतला पहिलाच नियम आहे की ग्रंथ उपयोगासाठी आहेत, तो फक्त हार घालायच्या दिवशी पाळायचा का? सभेत एकदम शांतता. विषय पुढे ढकलला. २०१५ ला पुन्हा काच, पुन्हा कुलूप.

२०१६ ला मंडळावर दोन बायका आल्या, त्यातल्या एक माजी मुख्याध्यापिका, त्यांनी ठराव मांडला आणि प्रदर्शन बंद झालं. त्या वर्षी पार्सल फुटलं त्याच संध्याकाळपासून अंक द्यायला सुरुवात केली. वाचनालयाच्या ओटीवर सतरंजी घातली, अंक मांडले, ज्याला जो पाहिजे तो हातात घेऊन चाळू दे. गावाला आलेल्या माणसाला सभासद नसला तरी ३०० रुपये अनामत घेऊन दोन अंक, परत जाताना अनामत परत. मुलांना अनामत नाही, फक्त कुणाच्या घरचा ते लिहून घ्यायचं. आठ दिवसांत २१४ वेळा अंक बाहेर गेले. मी रोज रात्री बेरीज करायचे, घरी जाऊन मिस्टरांना आकडा सांगायचे. तीन अंक परत आले नाहीत, एकावर चहा सांडला. माझ्या मते हा हिशोब फायद्याचा आहे आणि ज्याला नुकसानीचा वाटतो त्याने वाचनालयाच्या मंडळावर बसू नये.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की आधी कॅलेंडर बघू नका, आपल्या गावात माणसं रिकामी कधी असतात ते बघा. आमच्याकडे मे महिना आणि गणपती हे दोन मोठे, दिवाळी तिसरी. मे महिन्यात मुलांचा विभाग सकाळी आठला उघडायचा, दुपारी कुणी येत नाही. कपाटाची कुलपं काढायची, मुक्तद्वार, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढायचं, ते खरंच मुक्तद्वार. ह्या दिवसांत चित्रकला स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा वगैरे मला पटत नाही, ते शाळा वर्षभर करतेच. मुलांना पुस्तकांत लोळू द्या.

पावसाळ्यात आमच्याकडे जुलैत भाताची लावणी असते, तेव्हा कोणी फिरकत नाही आणि ते बरोबर आहे. ऑगस्टात थोडी उसंत मिळते. पण पावसाळ्याचं खरं काम पुस्तकं सांभाळण्याचं, बुरशी, कसर, वाळवी, कोकणात चार महिने हेच. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही पुस्तक दुरुस्तीचा दिवस ठेवायचो, कॉलेजची पोरं बोलवायची, खळ शिजवायची, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (हे काम मोठ्यांनीच करायचं, विषारी असतं, आणि लहान मुलांना खळीजवळ येऊ द्यायचं नाही), सुटलेली पानं चिकटवायची, पाठीला कापड लावायचं. पुस्तकं सावलीत वारा लागेल अशी पसरायची, थेट उन्हात कागद कडक होतो. मुलगा ज्या पुस्तकाची पाठ शिवतो ते पुस्तक तो घरी नेतोच नेतो, हे मी दर वर्षी बघितलं.

थंडीत व्याख्यानमाला. ह्याबद्दल माझं मत कडू आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती परंपरा मोठीच आहे, पण आपल्यासारख्या ठिकाणी बाहेरच्या तीन वक्त्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन, मंडप आणि साऊंड मिळून जो खर्च होतो त्यात मुलांच्या विभागाची वर्षाची खरेदी होते. त्यापेक्षा गावातलाच माणूस बोलवा. आम्ही एकदा होड्या बांधणाऱ्या एका सुताराला बोलवलं होतं, तो अर्धा तास लाकडावर बोलला आणि दोन तास प्रश्न चालले. त्या दिवशी टेबलावर समुद्र, मासेमारी, झाडं ह्या विषयांवरची पुस्तकं मांडली होती, सगळी गेली.

बातमी पोचवायचं म्हणाल तर व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, पण त्यात सकाळच्या शुभेच्छांखाली सगळं गाडलं जातं. आमचा सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे एसटी स्टँडवरचा फळा. आगारप्रमुखांना विनंती करून जागा मिळवली, दर सोमवारी शिपाई खडूने लिहून यायचा. त्यावर पाहुण्यांची नावं लिहायची नाहीत. नवीन आलेल्या पाच पुस्तकांची नावं आणि प्रत्येकाखाली एक ओळ, कशाबद्दल आहे ते. ‘भव्य कार्यक्रम, सर्वांनी उपस्थित राहावे’ वाचून कोणी येत नाही, पण ‘विहिरीचं पाणी का आटतं यावरचं पुस्तक आलंय’ म्हटलं की आंबेवाले बागायतदार येतात. बातमीत पुस्तक पाहिजे, एवढंच.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या सांगते. एक, हे सगळं कोकणातलं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर बोलावणंच चुकीचं, तिथे सहा-साडेसहाला उघडा नाहीतर संध्याकाळी. आणि तुमच्या गावी दिवाळीत माणसं येतात की जत्रेला, ते तुम्हालाच माहीत. दोन, पैशाचं. २०२२ ला वाचनालयांच्या सरकारी अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली हे खरं, पण निम्मं पगारात जातं आणि हप्ता कधी हातात पडेल त्यावर दिवाळी अंक अवलंबून ठेवू नका. योजनेच्या पावत्या गणपतीतच फाडा, त्या पैशांतूनच अंक घ्या. तीन, आमचे कार्यवाह माणूस वाईट नव्हते. छप्पर गळत होतं तेव्हा स्वतः पत्र्यावर चढून प्लास्टिक बांधलेला माणूस आहे तो, आणि देणगीदार फोटो बघून येतात हे त्यांचं म्हणणं काही अंशी खरं होतं, त्यातूनच संडास-बाथरूम बांधून झालं. उद्घाटनाचा फोटो काढायचाच असेल तर काढा, पंधरा मिनिटांत आटपा, आणि त्याच मिनिटाला पहिला अंक कुणाच्या तरी हातात द्या, रजिस्टरात सही घ्या. शक्यतो मुलाच्या.

अंक मागवताना मुलांचे अंक दोन-दोन प्रती घ्या, एकेक घेतलात तर पहिल्या दिवशी संपतात. विक्रेत्याला यादी गणपतीच्या आधी द्या, नवरात्रात दिलीत तर निम्मे अंक ‘नंतर पाठवतो’ होतात आणि ते भाऊबीज उलटल्यावर येतात.