रिकामी दिसणारी पट्टी

बाळ,

अनेक आशीर्वाद. तू सांबऱ्याच्या विमानतळावर गवत कापायच्या ट्रॅक्टरवर लागलास, असं तुझ्या आईनं सांगितलं. बरं झालं, रात्रीची भाकरी घरची मिळेल. कुंदा घेऊन ये, पण आधी हे वाच.

तिथं दिवसाला विमानं मोजकीच असतात. मला भीती वाटते ती त्याचीच. मुंबईच्या विमानतळावरचा ड्रायव्हर सतत बिचकून असतो. आपल्याकडं 2300 मीटरची धावपट्टी तासन्‌तास ओस दिसते आणि मग डोळ्यांना तशीच सवय लागते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर लोक दांडीखालून वाकून जातात, ते ह्याच भरवशावर.

मीही तसा गेलोय, दुसऱ्या एका विमानतळावर, नवा असताना. मुकादमानं हात केला, मी ट्रॅक्टर पुढं घातला. टॉवरची परवानगी त्यानं घेतली असेल असं मी धरलं, आणि मी घेतली असेल असं त्यानं. उतरायला आलेलं विमान परत वर चढलं. तो आवाज अंगावरून गेल्यावर मला गिअर सापडेना.

टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानं पट्टीकडं जातात त्या रस्त्यावरून, जाताना पट्टीच्या आधी चार पिवळ्या रेषा लागतील. तुझ्या बाजूला दोन अखंड, पलीकडं दोन तुटक. शेजारी लाल पाटी. अखंड रेषा म्हणजे थांब, मुकादम काहीही म्हणू दे. तांबड्या दिव्यांची ओळ पेटलेली असेल तर परवानगी ऐकू आली तरी आधी पुन्हा विचार.

आपल्या बेळगावात अर्धं बोलणं 'बरं' आणि कानडी 'आय्तु'वर भागतं. रेडिओवर ते चालत नाही. 27 मार्च 1977 ला टेनेरिफला, धुक्यात, केएलएमचं विमान परवानगीशिवाय सुटलं. टॉवरनं आधी 'ओके' म्हटलं आणि मग थांबायला सांगितलं. त्याच क्षणी त्याच पट्टीवर समोर असलेल्या पॅन अॅमच्या विमानाचा वैमानिक बोलला, दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि नुसती शिट्टी ऐकू आली. दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात.

तेव्हा ऐकलेलं पूर्ण परत म्हणून दाखव. पण तेवढ्यानंही भागत नाही. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदावर तटरक्षक दलाच्या विमानानं 'होल्डिंग पॉइंटपर्यंत (म्हणजे पट्टीआधीच्या थांब्यापर्यंत), नंबर वन' हे बरोबर परत म्हटलं, आणि तरी ते पट्टीवर जाऊन सुमारे 40 सेकंद उभं राहिलं. 'नंबर वन' म्हणजे आता आपली पाळी, असं कॅप्टनला वाटलं. मागून उतरलेलं विमान धडकलं. त्यातले 379 जण सुखरूप बाहेर पडले, तटरक्षकचे सहापैकी पाच गेले. म्हणून तोंडानं बोललास की मनात विचार: मला नक्की कुठपर्यंत जायला सांगितलंय?

पावसाळ्यात ढग पार खाली येतात, तेव्हा वळणं चुकतात. 2001 साली मिलानच्या लिनातेला धुक्यात एक लहान विमान भलत्याच टॅक्सीवेला वळलं आणि पट्टीवर, उडणाऱ्या मोठ्या विमानासमोर आलं. खुणा धड नव्हत्या, जमिनीवरचं रडार बंद. 118 जण गेले.

रविवारी येताना तुझ्या विमानतळाचा नकाशा कागदावर काढून आण, न बघता. कुठली वळणं एकसारखी दिसतात ते मला दाखव.

तुझा काका