रायफलीला कुठलं काडतूस मानवतं?

प्रश्न : ताई, ग्रीन कार्ड मिळाल्यावर यंदा मी रुगर १०/२२ ही पॉइंट टू-टूची, आपोआप भरणारी रायफल घेतली. शनिवारी सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन रेंजवर जातो. स्वस्त पडतात म्हणून पाचशे काडतुसांचा डबा आणला, पण दर आठ-दहा गोळ्यांनी काडतुसाची रिकामी पुंगळी बोल्टमध्ये, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या ठोकळ्यात, अडकते. दुकानदार म्हणतो, रायफल परत करा. रेंजवरचे एक काका म्हणतात, काडतूस बदला. कुणाचं ऐकू? एच-१बीवर असलेला भाचाही पुढच्या महिन्यात यायचा आहे, त्यालाही चालवून बघायची आहे.
— एक वाचक, प्लेनो, टेक्सस

उत्तर : काकांचं ऐका. पण आधी रायफल साफ करा. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा थर असतो. तो आणि जळलेल्या दारूची काजळी मिळून काडतूस बसतं ती जागा चिकट होते. निम्म्या तक्रारी मी तिथेच मिटताना पाहिल्या आहेत.

सांगलीला एनसीसीत आम्ही चालवायचो त्या रायफलीचा बोल्ट दर गोळीनंतर हातानं ओढावा लागे. काडतूस मंद असलं तरी अडायचं नाही, जोर हाताचा होता. तुमच्या रायफलीत ते काम काडतुसालाच करायचं आहे. गोळी पुढे सुटते त्याच धक्क्यानं पुंगळी बोल्टला मागे रेटते. बोल्ट पुंगळी बाहेर टाकतो आणि परतताना पुढचं काडतूस आत सारतो. धक्का अपुरा पडला की बोल्ट अर्ध्यातून फिरतो आणि पुंगळी दारातच चिमटते. तुमचं नेमकं हेच होतंय.

म्हणून खोक्यावरचा वेग वाचा. सीसीआय या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीचं 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' सेकंदाला १०७० फूट, त्यांचंच 'मिनी-मॅग' १२३५ फूट. दोन्हींत गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप). सुरुवात मिनी-मॅगनं करा, १०/२२ बहुधा त्यावर विनातक्रार चालते. ती सुरळीत चालली की स्टँडर्ड लावून बघा. आवाजाचा वेग साधारण ११२५ फूट. त्याहून वेगात सुटलेली गोळी वाटेत त्याच्या खाली उतरताना थोडी डळमळते. स्टँडर्ड मुळातच खाली असतं, त्यामुळे कागदावरची भोकं पुष्कळदा जवळजवळ पडतात. 'सबसॉनिक' लिहिलेली फार मंद काडतुसं मात्र तूर्त नकोत.

डबा घेऊ नका. पन्नासाची तीन-चार वेगवेगळी खोकी आणा, प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या ५० यार्डांवर रायफल टेकवून मारा आणि कागदावर नाव-तारीख लिहून ठेवा. एकाच कारखान्यातल्या दोन रायफलींनाही वेगवेगळी काडतुसं मानवतात, तेव्हा माझी आवड तुमच्या उपयोगाची नाही.

आता जे मुलीला आजच शिकवा ते. चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. या काडतुसात पेटवणारं रसायन तळाच्या कडेत भरलेलं असतं. ते उशिरानंही पेटू शकतं. आणि बाराऐवजी नुसतं 'फुस्स' झालं तर लगेच हात वर. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीच्या रायफलीतून असाच आवाज आला. ती पुढचं काडतूस भरायला निघाली होती. मी ओरडून थांबवलं. रायफल रिकामी करून नळीत सळई घातली तर निम्म्यावर शिशाची गोळी बसलेली. मागून दुसरी सुटली असती तर नळी फुटली असती. तो डबाही असाच स्वस्तातला होता. त्या दिवसापासून माझ्या वर्गात कानांवर मफ असले तरी प्रत्येक बाराकडे लक्ष द्यायचा नियम आहे.

रेंजवरून आल्यावर काही खाण्याआधी दोघांनीही साबणानं हात धुवा, शिसं बोटांना लागतं.

भाच्याचं मात्र सबुरीनं घ्या. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेचा संघीय कायदा एरवी मनाई करतो. कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं, हा त्यातला एक अपवाद. चूक झाली तर त्याच्या व्हिसावर बेतेल, म्हणून आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. परवाना हातात येईपर्यंत त्यानं तुमच्या मागच्या बाकावर बसून कागदावरची भोकं मोजावीत.