तिन्ही पुस्तके एकाच करारावर देऊ नका

तुमच्या वडिलांचे, सोलापूरचे बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांच्या कन्नड वचनांवरचे संशोधन, बहिणीच्या कविता आणि खो-खो खेळलेल्या काकांचे चरित्र. तीन हस्तलिखिते घरात तयार आहेत. एक प्रकाशक तिन्ही मिळून एका रकमेत छापून देतो म्हणतो आहे, या आठवड्यात सही केली तर पुढच्या महिन्यात सोलापूरच्या फडकुले सभागृहात प्रकाशन, असे तुम्ही इथे पोस्टमध्ये लिहिले आहे. दादा, ती सही थांबवा. प्रकाशक वाईटच असेल असे मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखतही नाही. पण तुमची पोस्ट वाचताना आमच्या घरातले जुने दुखणे पुन्हा जागे झाले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कागद कुठला, मुखपृष्ठ कुणाकडून, प्रती किती, हे इथे अनेकांनी सांगितले आहे. ते मी सोडते.

माझ्या सासऱ्यांनी जिल्ह्यातल्या कन्नड आणि मराठी शिलालेखांवर काम केले होते. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून केलेले. सोलापूरला अशा माणसांची परंपरा आहे. हत्तरसंग-कुडलचा शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा, मराठी ओळ असलेला लेख आनंद कुंभारांनी उजेडात आणला, तेही असेच पायपीट करणारे संशोधक होते. अशा कामात एका अक्षराला किंमत असते. ओळीतला एक अनुस्वार हलला तर अर्थ आणि कधीकधी काळसुद्धा हलतो.

सासऱ्यांनी शेवटचे प्रूफ तपासून प्रत्येक फर्म्यावर, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पृष्ठांच्या संचावर, सही केली. त्या प्रुफावरून आम्ही घरी बसून सूची केली: गावांची नावे, राजांची नावे, देवळे, दाने, सगळे पृष्ठ क्रमांकांसह. मग प्रकाशकाने आम्हाला न विचारता अक्षराचा आकार कमी केला आणि फाँट बदलला. कारण काय, तर दोन फर्मे वाचत होते. दोन फर्मे म्हणजे 32 पृष्ठांचा कागद.

त्याने काय झाले ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या वडिलांच्या पुस्तकात हेच होऊ शकते. मजकूर जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये होता. तिथे कन्नड अक्षर आणि देवनागरी अक्षर संगणकाच्या लेखी एकाच क्रमांकावर बसलेले असते, दिसते काय ते फक्त फाँटवर ठरते. पूर्ण मजकूर निवडून एकदम देवनागरी फाँट लावला की मराठी वाक्ये शाबूत राहतात आणि मधले प्रत्येक कन्नड वाचन म्हणजे अर्थहीन देवनागरी अक्षरांची रास होते. आमच्या पुस्तकात लेखांचे मूळ पाठच असे गेले. तळटीपा पुढच्या पृष्ठांवर सरकल्या. सूचीतला जवळजवळ प्रत्येक आकडा चुकला. छापून, बांधून, प्रती घरी आल्यावर हे कळले.

प्रकाशकाला फोन केला तर उत्तर आले, "एवढे बारीक कोण बघतो?" अहो, हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे ते फक्त बारीकच बघतात! अभ्यासक आधी सूची उघडतो, हवे ते पृष्ठ काढतो, आणि तिथे ते नसेल तर पुस्तक मिटवून ठेवतो. सासऱ्यांनी शुद्धिपत्र केले तर त्याचीच एक पुस्तिका झाली. पुढे आम्ही दुरुस्त आवृत्ती काढू म्हणालो, तर ओपन फाइल, म्हणजे जिच्यात दुरुस्ती करता येते ती मूळ फाइल, द्यायला नकार. फाइल आमची, हक्कही आमच्याकडे कायमचे, असे प्रकाशकाचे म्हणणे.

इथे कायदा आमच्या बाजूने होता, फक्त तो सांगणारे कोणी भेटले नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते. आमच्या कागदावर मुदत नव्हती. म्हणजे 'कायमचे' हा शब्द नुसता तोंडी होता. 5 वर्षे उलटल्यावर आम्ही सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकून घेतला आणि दुसरी आवृत्ती स्वतः काढली. खर्च दुप्पट झाला, आणि त्या मधल्या वर्षांत चुकीच्या पाठांचे पुस्तक ग्रंथालयांत बसून राहिले. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीवर आहे. अंतिम प्रुफावर सही झाल्यानंतर लेखी संमतीशिवाय फाइलला कोणी हात लावणार नाही, आणि छपाईला गेलेली पीडीएफ व ओपन फाइल दोन्ही लेखकाला मिळतील, हे वाक्य करारात हवे. शेजारी हक्कांची मुदत, आवृत्ती आणि प्रतींची संख्या. प्रकाशक या वाक्याला नाही म्हणाला तर तिथून उठा. (मी वकील नाही. सही करण्याआधी मसुदा एखाद्या वकिलाला जरूर दाखवा, पण हे वाक्य काढू देऊ नका.)

आणखी एक. वडिलांचे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नव्हते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी मृत्युपत्र केले नसेल तर हक्क सगळ्या वारसांचे असतात. आई, तुम्ही, बहीण, सगळ्यांच्या सह्या लागतील. प्रकाशक फक्त तुमची सही मागतो आहे हेच मला खटकले. अशा मरणोत्तर प्रकाशित लेखनाला 60 वर्षांचे संरक्षण प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे तुम्ही आज देत आहात ती गोष्ट लहान नाही.

वडिलांच्या पुस्तकापुरते बोलायचे तर प्रत्येक वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही सिद्धरामेश्वरांची नाममुद्रा येणार. मूळ पाठ कन्नड लिपीत देणार असाल तर मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंकून घ्या आणि कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून वेगळे प्रूफ तपासून घ्या. सोलापुरात अशी माणसे शोधावी लागत नाहीत, कितीतरी घरांत कन्नड बोलतात. मराठी मुद्रितशोधक कितीही चांगला असला तरी ते त्याचे काम नव्हे. सूची सगळ्यात शेवटी करायची, पृष्ठे गोठल्यावर. आपल्याच गावातून 1940 च्या दशकापासून जीवराज जैन ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या निघाल्या. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचा तो काळ होता. त्यातली एखादी प्रत हातात घेऊन पाहा, आणि मग आजच्या संगणकावर 'जमत नाही' म्हणणाऱ्याला ती दाखवा.

बहिणीच्या कवितांसाठी तर पैसे देऊन छापायची घाईच करू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचे एकही पुस्तक आलेले नाही अशांसाठी, आणि त्यात काव्यसंग्रह बसतो. प्रकाशकाच्या नादाने आधी पुस्तक छापले की तुमची बहीण 'नवलेखक' राहणार नाही, ती वाट बंद. अर्ज कधी मागवतात ते मंडळाच्या सूचनेत बघा, अटी तिथल्याच खऱ्या मानायच्या. वेळ लागतो. कवितांना लागू द्यावा, तोवर दहा-बारा कविता गळतात आणि संग्रह बरा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रस्तावना एक पुरे. नामवंतांचे चार-चार अभिप्राय छापलेला संग्रह वाचक आत जाईपर्यंत दमतो. आणि कविता पृष्ठावर कुठे तुटते ते तिने स्वतः बसून ठरवावे. दोन ओळींचे शेपूट पुढच्या पानावर गेले की कविता मेली.

काकांच्या चरित्राबद्दल मी जपून लिहिते, कारण खेळातले मला कमी कळते. पण चरित्र छापताना होणारे घोळ कळतात. फोटोंपासून सुरुवात करा. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. वर्तमानपत्रात आलेला सामन्याचा फोटो मात्र तुमच्याकडे कात्रण आहे म्हणून तुमचा होत नाही, त्याची लेखी परवानगी हवी. प्रकाशक 'चालतंय' म्हणेल. पण करारातले 'वाद उद्भवल्यास जबाबदारी लेखकाची' हे कलम त्यानेच घातलेले असते.

आणि आकडे. पॉली उम्रीगरांचा जन्म सोलापूरचा, कसोटीत भारताकडून पहिले द्विशतक त्यांचे, 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. क्रिकेटमध्ये असा प्रत्येक आकडा धावफलकात सापडतो. खो-खोत तसे नाही. काका किती मिनिटे, किती सेकंद पळाले आणि आक्रमणात किती गडी टिपले हे सामन्याच्या गुणपत्रिकेत असते, आणि त्या गुणपत्रिका जुन्या पंचांच्या, मंडळांच्या कपाटांत पिवळ्या पडताहेत. त्या मिळवा. 'वाऱ्यासारखा पळायचा' असे दहा वेळा लिहिण्यापेक्षा एक खरी वेळ छापा. त्यांच्याविरुद्ध खेळलेल्या दोन-तीन जणांना भेटा. घरच्यांपेक्षा प्रतिस्पर्धी अचूक सांगतात, डाव्या बाजूला हूल देऊन काका खांबाकडे कसे वळायचे ते त्यांना अजून आठवते, कारण ते त्या हुलीला फसलेले असतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. आता या खेळावर वाचायला नवी मुले तयार आहेत. त्यांना गौरवग्रंथ नको, खेळ हवा.

तीन पुस्तकांचे तीन वाचक आहेत, विक्रीच्या तीन जागा आहेत. एकाच रकमेत तिन्ही देण्यात सोय फक्त प्रकाशकाची.

किरकोळ पण उपयोगी: आयएसबीएनचे (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे) 'शुल्क' म्हणून प्रकाशकाने वेगळी रक्कम लावली असेल तर ती काढायला लावा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून तो क्रमांक विनामूल्य मिळतो, लेखक स्वतःच्या नावावरही घेऊ शकतो. 1954 च्या कायद्याने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना 30 दिवसांत पाठवायची असते. हे काम प्रकाशकाचे, पण पोच मागून घ्या. आमच्या पुस्तकाची प्रत गेलीच नव्हती. टपालाने पुस्तके पाठवायला 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' ही स्वस्त सेवा आहे, काउंटरवर नाव घेऊन विचारा.

प्रकाशन समारंभाची तारीख प्रकाशकाने जानेवारीच्या मध्यात सुचवली आहे, असे दिसते. तेव्हा सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, आणि त्या यात्रेत सोलापुरातला माणूस सभागृहात येत नाही, होम मैदानावर जातो. आणि तोवर कन्नड पाठांचे प्रूफ तपासून होणेही शक्य नाही. तारीख पुढे ढकलता येते का विचारा, त्यांच्या उत्तरावरून बरेच कळेल. कराराचा मसुदा हातात आला की नावे आणि रकमा झाकून इथे टाका, मी ओळीने वाचून सांगते.