डिसेंबरच्या सुट्टीत डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन फिरून व्हायकिंग इतिहास बघता येईल का?

येईल की, आरामात येईल, फक्त तुमच्या प्लॅनमधून ओस्लो काढून टाका. तुम्ही लिहिलंय की ख्रिसमसच्या आठ-नऊ दिवसांत कोपनहेगन, ओस्लो, स्टॉकहोम करायचंय, सोबत आईबाबा आहेत आणि मुलाला व्हायकिंगचं, म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकातल्या इथल्या दर्यावर्दी लोकांचं, वेड आहे. तर ओस्लोचं व्हायकिंग जहाजांचं म्युझियम 2022 पासून बंद आहे, तिथं नवीन मोठी बिल्डिंग बांधतायत आणि ती 2027 मध्ये उघडायचं ठरलंय. 1904 ला शेतातल्या टेकाडाखालून उकरून काढलेलं ओसेबर्गचं जहाज, ज्यात दोन बायकांना पुरलं होतं, ते तिथंच आहे, म्हणजे आत्ता बघता येत नाही. जुने ब्लॉग आणि व्हिडिओ अजून बिनधास्त 'मस्ट सी' म्हणून सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. शहरातल्या हिस्टॉरिकल म्युझियममध्ये येरमुंडबूचं लोखंडी शिरस्त्राण आहे, व्हायकिंग काळातलं जवळपास पूर्ण टिकलेलं असं दुर्मिळच, पण तेवढ्यासाठी त्या महागड्या शहरात जास्तीचे दोन-तीन दिवस घालवावेत असं मला वाटत नाही.

मी माल्मोला राहतो, म्हणजे स्वीडनमध्ये पण कोपनहेगनपासून ट्रेनने पाऊण तासाच्या आत, त्यामुळे पुण्याहून कोणी आलं की फिरवायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. सगळ्यांना थंडीची भीती असते, पण थंडीचं काही नाही हो, दोन थर्मल आणि वाऱ्याला अडवणारं जॅकेट असलं की झालं, कोपनहेगनला तर बर्फापेक्षा पाऊस आणि वारा जास्त. खरा प्रश्न उजेडाचा. 21 डिसेंबरच्या आसपास कोपनहेगनला साडेआठनंतर सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो, स्टॉकहोमला तर तीनच्या आधीच. आपले लोक सकाळी आवरून, पोटभर नाश्ता करून, निवांत अकराला बाहेर पडतात आणि मग दुपारी तीनला म्हणतात अरे अंधार झाला, आता काय? त्यामुळे बाहेरचं जे काही बघायचं ते सकाळी नऊ ते दोनमध्ये आणि म्युझियम दुपारी असा हिशोब ठेवा.

आता मुख्य गोष्ट, रोस्किल्ड गाव आणि तिथलं व्हायकिंग जहाजांचं म्युझियम. कोपनहेगनहून ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. 1070 च्या सुमारास तिथल्या लोकांनी समुद्राकडून येणाऱ्या शत्रूची वाट अडवायला फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यात, स्वतःचीच जुनी जहाजं दगड भरून बुडवली, आणि 1962 मध्ये त्या जागेभोवती पोलादी भिंत ठोकून आतलं पाणी उपसून ती बाहेर काढली. हजारो तुकडे निघाले, चिखलात होते म्हणून लाकूड टिकलं. ही पाच जहाजं फ्योर्डच्या काठावरच्या हॉलमध्ये उभी आहेत, लाकूड काळंभोर, आणि जिथं लाकूड गेलंय तिथं नुसत्या लोखंडी पट्ट्यांनी आकार दाखवलाय, त्यामुळे किती खरं आणि किती रिकामं ते लगेच कळतं. मुलाला एक काम द्या, नंबर मोजायला सांगा. 1, 2, 3, 5, 6 असे आहेत, 4 नाहीच, कारण ज्याला आधी चौथं जहाज समजले ते दुसऱ्याचाच भाग निघाला, ते जहाजच इतकं लांब होतं! साधारण 30 मीटर, साठेक वल्ह्यांचं लढाऊ जहाज, जेमतेम पाव भाग शिल्लक आहे. आणि लाकडातल्या वर्तुळांवरून कळलं की ते डेन्मार्कमध्ये बांधलेलंच नाही, 1042 च्या सुमारास आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ बांधलंय. म्युझियमवाल्यांनी मग जुन्या पद्धतीची हत्यारं वापरून तसंच नवं जहाज बांधलं आणि 2007 ला ते शिडांवर आणि वल्ह्यांवर डब्लिनला नेलं. उन्हाळ्यात छोट्या बोटींतून फ्योर्डमध्ये फिरवतात, ते हिवाळ्यात नसतं, पण गर्दीही नसते, जहाजासमोर हवं तेवढं उभं राहा. निघायच्या आधी त्यांच्या साईटवर कुठला हॉल कधी उघडा आहे ते बघून घ्या. वर चढ चढून गेलं की रोस्किल्डचं कॅथेड्रल, डॅनिश राजाराण्यांच्या कबरी तिथंच आहेत. आईबाबांना चढ नको असेल तर स्टेशनवरून आधी कॅथेड्रल करून मग खाली उतरा.

कोपनहेगनच्या नॅशनल म्युझियममध्ये मुलगा शिंगांचं हेल्मेट शोधेल आणि गंमत म्हणजे ते सापडेलही, दोन आहेत, वेक्सोची, पितळेसारखी दिसणारी ब्राँझची, चांगली वळणदार शिंगं. पण ती व्हायकिंगांच्या दीड हजाराहून जास्त वर्षं आधीची आहेत. व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगं चढवली ती एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या कपडेपटाने, दुकानात विकतात तो सगळा त्याचाच धंदा.

स्टॉकहोमला बिर्का नावाचं व्हायकिंग काळातलं व्यापारी गाव आहे, बेटावर, युनेस्कोच्या यादीतलं, पण टुरिस्ट बोटी उन्हाळ्यातच जातात त्यामुळे तो विषय सोडा. वासा नावाच्या जहाजाचं म्युझियम जरूर बघा पण ते जहाज 1628 चं आहे, व्हायकिंगांचा काही संबंध नाही (आमचे एक काका पूर्ण वेळ व्हायकिंग समजूनच फोटो काढत होते). तुमच्या कामाचं आहे ते हिस्टोरिस्का, म्हणजे इतिहासाचं म्युझियम. तिथं हाताच्या पंजात मावेल एवढी ब्राँझची बुद्धमूर्ती आहे, कमळावर पद्मासनात बसलेली. 1956 ला स्टॉकहोमजवळच्या हेल्यो बेटावर उत्खननात निघाली, बनवलेली साधारण सहाव्या शतकात स्वात-काश्मीरच्या भागात. म्हणजे कोणी व्हायकिंग काश्मीरला गेला होता असं नाही, हातोहात व्यापारात फिरत फिरत ती तिथवर पोचली असणार. पण तो रस्ता किती खरा होता ते चांदी बघितल्यावर कळतं. स्वीडनच्याच गॉटलंड बेटावर 1999 ला स्पिलिंग्स नावाच्या शेतात 67 किलो चांदी सापडली, त्यात 14 हजारांवर नाणी, बहुतेक सगळी अरबी दिरहम. आपल्याला व्हायकिंग म्हणजे चर्च लुटणारे एवढंच माहीत असतं, ते तर होतेच, पण पूर्वेला रशियातल्या नद्यांवरून खाली जाऊन फर आणि गुलाम विकून चांदी आणणारेही तेच. माझ्या मते ही बाजू जास्त इंटरेस्टिंग आहे आणि ती स्वीडनमध्येच नीट दिसते.

एक दिवस उप्सालाला द्या, ट्रेनने पाऊणेक तास. कॅथेड्रलशेजारच्या बागेत रून, म्हणजे त्यांची जुनी अक्षरं, कोरलेले दगड उभे आहेत, फुकट, कधीही बघा. आपले वीरगळ आठवतील, गेलेल्या माणसाची आठवण म्हणूनच उभे केलेले, फक्त इथं चित्रांपेक्षा अक्षरं जास्त, सापाच्या अंगावर ओळ फिरवत नेलेली. अमक्याने बापासाठी उभारला, तमकीने नवऱ्यासाठी, एवढाच मजकूर. बऱ्याच दगडांवर क्रॉसही दिसेल कारण अकराव्या शतकापर्यंत हे लोक ख्रिश्चन होत आले होते. जुन्या उप्सालाचे मोठे थडग्यांचे ढिगारे व्हायकिंगांच्याही आधीचे आहेत पण बर्फ पडला असेल तर भारी दिसतात, फक्त बर्फ वितळून परत गोठला की पाय सटकतो, आईबाबांसाठी बुटांना लावायचे रबरी स्पाइक्स इथल्या कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या.

तारखा सांभाळा. इथं खरा सण 24 ला असतो, 25 ला नाही. 24 आणि 25 ला म्युझियम बहुतेक बंद, 24 ला दुपारनंतर दुकानंही बंद, तेव्हा आदल्या दिवशी सामान भरून ठेवा. हॉटेलपेक्षा किचन असलेला फ्लॅट घ्या. शाकाहाराची काळजी नको, माल्मोचं फलाफल प्रसिद्ध आहे आणि स्वस्तही, आणि डेन्मार्कला ख्रिसमसला तांदळाची बदाम घातलेली थंड खीर चेरीच्या सॉसबरोबर देतात, ती आईंना नक्की आवडेल.

शेंगेन व्हिसा एकच पुरतो, जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. कोपनहेगनहून माल्मोकडे येताना पासपोर्ट तपासू शकतात, तो बॅगेच्या तळाशी टाकू नका. स्टॉकहोमला विमानाने जाऊ नका, ट्रेनने पाचेक तास लागतात, तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आणि गाडी सकाळी नऊच्या आसपासची घ्या, नाहीतर निम्मा प्रवास काळ्या खिडकीकडे बघत होईल.