मॉफची पदवी शोधताना मुलाला विचारलंत का?

पत्र: मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीत फिजिक्समध्ये ८१, केमिस्ट्रीत ५८. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कला, म्हणजे मॉफला मिळालं, तेव्हाच मी ठरवलं की त्याने यातच करिअर करायचं. एका खासगी विद्यापीठात प्रगत पदार्थ या विषयात बी.टेक. आहे. कर्ज काढायची तयारी आहे. तो रविवारी मामाच्या एसी दुरुस्तीच्या गाळ्यावर जायचा, ते बंद केलं. घरी मॉफ बनवण्याचा प्रोजेक्ट करून घेऊ का? – एक पालक, भांडुप

नमस्कार,

केमिस्ट्रीतल्या ५८ मार्कांची मला काळजी वाटत नाही. काळजी याची वाटते की मुलाला काय हवंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक वाक्यही नाही. त्याची एकच आवड पत्रातून कळते, ती म्हणजे मामाच्या गाळ्यावर एसी उघडून बघणं, आणि नेमकी तीच तुम्ही बंद केलीत. बारावीला अभ्यास हवा, मान्य. पण रविवारच्या दोन-तीन तासांनी सीईटी बुडत नाही. अभ्यासासाठी थांबवलंत की पोरगा मेकॅनिक होईल या धास्तीने, हे तुम्हीच तपासा. या वयाचं मूल अशा वेळी भांडत नाही, गप्प बसतं. घरच्यांना तो होकार वाटतो. मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी केटी साचतात आणि सगळे विचारतात, अचानक काय झालं?

आता मॉफ. ही वेगळी शाखा आहे आणि आत्ताच शिरलं तर पुढे रांगेत पहिला नंबर, हा तुमचा समज चुकीचा आहे. मॉफ हा पदार्थांचा एक गट आहे. कोपऱ्यांवर धातूचे आयन किंवा त्यांचे पुंजके, त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू, आणि मधे रेणूच्या मापाच्या पोकळ्या. एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणून त्यात वायू साठवता येतात, वेगळे करता येतात, हवेतली वाफ धरता येते. बातम्या इथे थांबतात. नोबेल मिळालेल्या तिघांपैकी रिचर्ड रॉबसन यांना ही कल्पना मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांसाठी रेणूंची लाकडी मॉडेल बनवताना १९७४ मध्ये सुचली. पहिली रचना प्रसिद्ध झाली १९८९ मध्ये. याच तिघांपैकी ओमर याघी यांचा गाजलेला मॉफ-५ आला १९९९ मध्ये, आणि त्याची जाळी दमट हवेत मोडते. मुंबईच्या जुलैत तो उघडा ठेवून चालत नाही. हायड्रोजन साठवायचा तर बहुतेक मॉफची पकड साध्या तापमानाला सैल पडते. साठवणीचे चांगले आकडे येतात ते उणे १९६ अंशांना. चार वर्षांच्या पदवीनंतर नोकरी हातात, असं हे क्षेत्र नाही. संशोधनात जायचं तर एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं, पुढे पीएच.डी.ची साधारण पाच. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. पीएच.डी.च्या वर्षांत रोजचं काम असतं भट्टीतून काढलेली पूड तपासण्याचं. पोकळीत अडकलेलं द्रावक थेट तापवून उडवलं तर त्याच्या पृष्ठताणाने जाळी कोसळू शकते. म्हणून आधी ते हलक्या द्रावकाने बदलायचं, तेही पुन्हा पुन्हा, मग निर्वात करून सौम्य तापवायचं. एवढं करूनही जाळी शाबूत आहे का हे दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख बिघडलेला येतो, आणि सगळं पहिल्यापासून. हे ज्याला आवडतं त्याने जरूर जावं. तुमच्या मुलाला आवडेल का, हे त्यालाच विचारावं लागेल.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. मॉफचं बरंच काम आज रसायनाच्या नव्हे, यंत्राच्या बाजूला अडलंय. पूड तशीच नळीत भरली तर हवा पुढे सरकत नाही, दाब चढतो. गोळ्या दाबाव्यात तर जास्त दाबाने जाळी चुरडते आणि पूड चिकटवून ठेवणाऱ्या बाइंडरने छिद्रं बुजतात. त्यात उष्णता. एक लिटर पाण्याइतकी वाफ शोषली की किमान २,४५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे सुमारे ०.७ युनिट. ती काढून नेली नाही तर पदार्थ तापतो आणि शोषणं मंदावतं. मुंबईत एसीची बरीच ताकद हवा गार करण्यापेक्षा तिच्यातलं पाणी काढण्यात जाते. तिथे अ‍ॅल्युमिनियम फ्युमरेटसारखा मॉफ उपयोगी पडू शकतो. तो पाण्यात टिकतो, पाण्यातच बनवता येतो आणि साधारण ६० ते ८० अंशांना शोषलेलं पाणी सोडून देतो. त्याचा लेप कॉइलच्या पातळ पत्र्यांवर किती जाड द्यायचा, पाणी शोषण्या-सोडण्याची फेरी किती मिनिटांची ठेवायची, हे ठरवायला कंडेन्सर उघडून पाहिलेला माणूस लागतो. फिजिक्समध्ये ८१ मिळवणारा, रविवारी कॉइल साफ करणारा मुलगा याच्या बराच जवळ उभा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मॉफची पदवी शोधणं सोडा. त्याचा कल असेल तर व्हीजेटीआयला मेकॅनिकल, किंवा माटुंग्याच्याच आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत केमिकल इंजिनिअरिंग बघा, एमएचटी-सीईटी त्यासाठीच. शुद्ध रसायनच आवडलं तर कलिन्याच्या सीईबीएस या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी या प्रवेश परीक्षा, नाहीतर बी.एस्सी. करून एम.एस्सी.साठी जॅम. सॉलिड स्टेट आणि कोऑर्डिनेशन कंपाउंड्स हे बारावीचे दोन धडे तो परीक्षेची सक्ती नसताना वाचतो का, यावरून बरंच कळेल.

घरी मॉफ बनवायचा विचार सोडा. बऱ्याच कृतींत डीएमएफ हे द्रावक वापरतात. ते त्वचेतून शरीरात जातं, यकृताला आणि प्रजननक्षमतेला घातक आहे. बंद भांड्यात ते शंभर अंशांच्या वर तापवणं हे स्वयंपाकघराचं काम नाही. प्रोजेक्टच हवा असेल तर वाळवलेलं सिलिका जेल वजन करून दमट हवेत ठेवा, दर तासाला वजन घ्या, आलेख काढा. मग ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तेच करा. निळं जेल नको, त्यात कोबाल्ट असतं.

त्या खासगी विद्यापीठात पैसे भरण्याआधी तिघांनी मिळून जा. क्ष-किरण विवर्तनाचं आणि नायट्रोजन शोषणाने पृष्ठभाग मोजण्याचं यंत्र विभागात आहे का, ते कोण चालवतं, आणि बी.टेक.च्या मुलांना त्यावर हात लावू देतात का, हे विचारा. मागच्या दोन बॅचची मुलं कुठे लागली, त्यांची यादी मागा. प्रश्न मुलाला विचारू द्या, तुम्ही मागे बसा. आणि हे सगळं व्हायच्या आधी, या रविवारी, त्याला मामाकडे जाऊ द्या.