१/१० (खऱ्या गाडीच्या एक-दशांश) वरून १/८ (एक-अष्टमांश) मापाच्या आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या, रेसिंग गाडीकडे जाताना चालवण्यात काय फरक पडतो?

सर्वांत मोठा फरक वजनाचा आहे. लांबी सव्वापट झाली की त्याच घडणीच्या गाडीचे वजन जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे १/८ मापाच्या गाडीला वळणाच्या बरेच आधी ब्रेक लावावा लागतो आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल हळूहळू उघडावा लागतो. आमच्या दादरच्या सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉकच्या ज्या फटीवर छोटी गाडी टुणकन उडून तिरकी होते, ती फट मोठी गाडी सस्पेन्शनमध्येच जिरवते. मात्र छोटीचे स्टिअरिंग बोटाच्या हलक्या हालचालीलाही लगेच दाद देते, आणि हात तयार होतो तो तिच्यावरच, असे माझे ठाम मत आहे. मोठी गाडी मुलांच्या आसपास कृपया चालवू नका. ३ किलोंच्या गाडीचा वेगातला धक्का घोट्याला गंभीर इजा करू शकतो.