'क्लाइम्ब'मध्ये चढण किती, पकड किती?

बडोद्याच्या दांडिया बाजारात इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: 'क्लाइम्ब म्हणजे चढणे असं मी मुलांना सांगते. मग धड्यातला माणूस झाडावरून "क्लाइम्ब डाउन" कसा करतो? आणि शेवटचा बी लिहायचा, पण उच्चारायचा नाही, हे का?'

ताई, मुलांची शंका अगदी रास्त आहे. 'चढणे' हा अर्थ खरा, पण अर्धाच. उरलेला अर्धा शब्दाच्या जन्मात सापडतो.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'क्लिम्बन' होतं. जर्मन आणि डचमध्ये त्याचं भावंड 'क्लिमेन' अजून आहे. व्युत्पत्तिकार त्याचं मूळ 'चिकटणे, धरून राहणे' या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. जर्मनमधलं 'क्लेबेन', म्हणजे चिकटणे, त्याच घरातलं. तेव्हा पकड आधीची, उंची नंतरची. फांदी धरायची, पाय रोवायचा, एक हात सोडून पुढची फांदी धरायची, ही सगळी खटपट म्हणजे क्लाइम्ब. असली खटपट माणूस बहुतेक वर जायलाच करतो, म्हणून 'वर'चा अर्थ त्यात मुरला.

आजच्या वापरात हे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. चार्ल्स फिलमोर आणि रे जॅकेन्डॉफ या अमेरिकन भाषावैज्ञानिकांनी 1980च्या दशकात या एका क्रियापदावर बारकाईने लिहिलं. त्याचं सार असं, की वर जाणं आणि हातापायांची खटपट यांपैकी एक तरी गोष्ट हवीच. माणूस झाडावरून खाली, खिडकीतून आत, गाडीतून बाहेर, कुठेही क्लाइम्ब करू शकतो, कारण हातपाय कामाला लागलेले असतात. विमान, धूर, तापमान, सोन्याचा भाव यांना हातपाय नाहीत, म्हणून ती वर जातानाच क्लाइम्ब करतात. उतरणाऱ्या विमानाला 'क्लाइम्ब डाउन' लावलं तर इंग्रजी कानाला ते लगेच खटकतं. मुलांना हीच कसोटी द्या. पाठांतराची गरज पडणार नाही. वर्तमानपत्रात पुढारी 'क्लाइम्ब डाउन' करतो तेव्हा तो घट्ट धरलेली भूमिका नाइलाजाने सोडत असतो. तिथेही पकड आहेच.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, आणि ती बडोद्यात राहणाऱ्याला चटकन कळेल. गुजरातेतच, पाटणला, बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृत 'आरुह्', म्हणजे वर चढणे, याला प्राकृतात दोन पर्याय आहेत असं ते सांगतात: 'चड' आणि 'वलग्ग'. 'चड'चं आपलं 'चढणे' झालं. 'वलग्ग'च्या पोटात मात्र 'लग्' आहे, म्हणजे लागणे, चिकटणे. जुन्या मराठीत त्याचं 'वळघणे' झालं आणि अर्थ राहिला चढणे, आरूढ होणे. गुजरातीत 'वळगवुं' झालं आणि अर्थ आहे बिलगणे. शेजारचं लेकरू आईच्या पदराला 'वळगतं'; भूतबाधेला गुजराती माणूस 'वळगाड' म्हणतो. चिकटणं आणि चढणं यांची जी जोडी इंग्रजीत एका शब्दात बसली, ती आपल्याकडे दोन शेजारभाषांनी वाटून घेतली. 'वलग्ग'चा 'क्लाइम्ब'शी कसलाही संबंध नसताना इथेही अर्थ त्याच वाटेने गेला, याचं मला फार अप्रूप आहे.

'चढणे'चा पसाराही लहान नाही. ताप चढतो, विष चढतं, रंग चढतो. इंग्रज माणूस पँटमध्ये क्लाइम्ब करतो, आपल्याकडे कोट अंगावर चढतो. आणि बडोद्यात डाळही चढते! गुजरातीत 'दाळ चडी गई' म्हणजे डाळ शिजली. इथल्या मराठी स्वयंपाकघरांत 'भाजी चढली का?' ऐकलं, तर तो या शेजाराचा गुण समजावा.

एक फसवं नातं मुलांना जरूर सांगा. 'क्लायमॅक्स' क्लाइम्बचा कोणी लागत नाही. तो ग्रीक शब्द, अर्थ शिडी. त्याचा धातू 'टेकणे, कलणे' या अर्थाचा. संस्कृत 'श्रि' त्याच धातूचा भाऊ, आणि शिडीला संस्कृतात 'निःश्रेणी' म्हणतात ते 'श्रि'वरूनच असं मानतात. रंगारी भिंतीला टेकवतो ती गुजराती 'निसरणी' हीच.

राहिला बी. तो पूर्वी चक्क उच्चारला जायचा. पुढे शब्दाच्या शेवटी एमनंतरचा बी बोलण्यातून गळला, लिहिण्यात तसाच राहिला. 'लॅम्ब' आणि 'कोम्ब' यांचंही तेच झालं. क्लाइम्बचाच सख्खा 'क्लॅम्बर', म्हणजे हातापायांवर धडपडत चढणे, यात बी स्वराच्या आधी येतो म्हणून तो वाचला. 'क्लाइम्बर'मध्येही पुढे स्वर आहे, पण तो शब्द 'क्लाइम्ब'ला शेपूट जोडून झालेला, त्यामुळे तिथे बी मुकाच. उच्चार 'क्लायमर' असाच शिकवा.